भांड्यावरचे नाव आणि उलटे टांगलेले कॅलेंडर

हातोडी आणि छिन्नीने भांड्यावर नाव घातले जात असताना ते अगदी जवळून, म्हणजे छिन्नीचे टोक पडदाभर दिसेल इतक्या जवळून, चित्रित करावे एवढाच माझा बेत होता आणि त्यासाठी एक दुपार पुरेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात नाशिकच्या भांडी बाजारात मला चार फेऱ्या माराव्या लागल्या, तीन वेळा कॅमेरा भाड्याने आणावा लागला आणि एवढे करून हाती लागले ते जेमतेम चार मिनिटांचे चित्रण. चकचकीत धातूचे जवळून चित्रण करू पाहणाऱ्याला ज्या अडचणी येतात त्या जवळजवळ सगळ्या माझ्या वाट्याला आल्या, म्हणून त्या लिहून ठेवते आहे. त्यांपैकी सर्वांत मोठी अडचण मी स्वतःच्या हाताने ओढवून घेतली होती, हेही आधीच सांगून टाकलेले बरे.

निमित्त भाचीच्या लग्नाचे होते. रुखवतात मांडायच्या पितळी आणि स्टीलच्या भांड्यांवर नावे घालून आणायची होती, आणि ती मशीनने नको, हातानेच घातलेली हवीत असा आईचा हट्ट होता. मशीन म्हणजे विजेवर थरथरणारी, जाड पेनासारखी एक वस्तू. ती धातूवरून फिरवली की तिची सुई पृष्ठभाग खरवडत जाते आणि रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची, उथळ अशी उमटते. हाताने घातलेल्या नावाची रेघ ओढलेली नसते, ती ठोकलेली असते. छिन्नी तिरकी धरून तिच्या माथ्यावर हलके ठोके देत गेले की प्रत्येक ठोक्याला ती केसभर पुढे सरकते, मागे एक चिमुकली पायरी सोडते, आणि अशा शेकडो पायऱ्या जोडून ‘चि. सौ. कां.’ तयार होते. घरातल्या जुन्या तांब्यावरच्या नावावरून नख फिरवले तर या पायऱ्या नखाला लागतात. माझ्या डोळ्यांसमोर होते ते हेच: प्रत्येक ठोक्यासरशी एक पायरी जन्माला येताना दिसली पाहिजे.

ज्या काकांकडे आम्ही गेलो ते एका भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर, दाराला लागून बसतात. समोर लाकडी ठोकळा, त्यावर गोणपाटाची घडी, हाताशी तीन-चार छिन्न्या, बोटभर लांबीची हातोडी, आणि डोक्याच्या थोडे वर, दाराच्या चौकटीला दोरीने बांधलेले एका पतसंस्थेचे मोठ्या पानाचे कॅलेंडर. ते उलटे टांगलेले होते, म्हणजे तारखा रस्त्याकडे आणि कोरी पांढरी पाठ काकांकडे. तिरके लोंबणारे ते कॅलेंडर दृश्यात मध्येच येत होते, म्हणून पहिल्या दिवशी गेल्या गेल्या मी ते काढू का, असे विचारले. काकांनी एकदा कॅलेंडराकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “काढा की ताई, तुमचं काम आहे.” मी ते काढून, गुंडाळून, कोपऱ्यात उभे केले. त्या दिवशी काका भांडे सारखे इकडे-तिकडे फिरवत होते आणि डोळे बारीक करून पाहत होते. वयाचा परिणाम असेल असे मी मनाशी ठरवून टाकले.

पहिल्या दिवशीचे चित्रण मोबाइलवर केले होते. बऱ्याच फोनमध्ये जवळून टिपण्याची सोय सुरू केली की मुख्य लेन्स बाजूला राहते आणि विस्तृत कोनाची लेन्स कामाला लागते. ती वस्तूपासून दोन-तीन सेंटिमीटरवर नेल्याशिवाय हवा तेवढा मोठा आकार मिळत नाही. दोन-तीन सेंटिमीटरवर फोन धरला की हातोडीला जागा उरत नाही, फोनची सावली अक्षरावर पडते आणि भर म्हणून फोन स्वतःच भांड्यात उमटतो. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिले तेव्हा स्टीलच्या डब्यावर रस्त्यावरून जाणारी रिक्षा दिसत होती, समोरच्या दुकानाची पाटी उलट्या अक्षरांत दिसत होती, फोन धरलेली माझी बोटे आणि माझा पिवळा कुर्ता दिसत होता. दिसत नव्हते ते फक्त नाव. मध्येच कुठेतरी पांढरा भगभगीत डाग येई, फोन त्याला घाबरून सगळे चित्र काळोखे करी आणि पुढच्याच क्षणी पुन्हा उजळवी.

दोष फोनचा नव्हता, हे मान्य करायला मला दोन दिवस लागले. भिंत, कापड, कागद किंवा माणसाची त्वचा यांच्यावर उजेड पडला की तो सगळ्या दिशांना विखुरतो, म्हणून दिवा कुठेही असला तरी ती वस्तू कमी-अधिक दिसतेच. घासून चकाकी आणलेला धातू उजेड असा वाटून टाकत नाही. किरण ज्या कोनात आला त्याच कोनात तो दुसऱ्या बाजूला परतवतो, आणि त्या परतीच्या वाटेवर आपला डोळा किंवा कॅमेरा असेल तर झगझगाट, नसेल तर काळोख. त्यामुळे धातूवर आणखी एक दिवा रोखून काहीही साधत नाही. एक नवा डाग तेवढा वाढतो. कॅमेऱ्याला धातूमध्ये जे दिसते ते धातूसमोर मांडलेल्या वस्तूंचे प्रतिबिंब असते, तेव्हा सजवायचे ते धातूच्या समोरचे जग.

कोरलेले अक्षर दिसते तेही याच कारणाने. त्याला वेगळा रंग नसतो. त्याच्या खाचेच्या भिंती मूळ पृष्ठभागाशी कललेल्या असतात, एवढाच त्याचा वेगळेपणा. आरसा १५ अंशांनी कलला तर परतणारा किरण ३० अंशांनी वळतो हा शाळेतला नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो. म्हणजे सपाट भागाला जे दिसते त्यापेक्षा खाचेच्या भिंतीला भलतीकडचेच काही दिसत असते. सपाट भागासमोर पांढरा कागद ठेवला आणि खाचेच्या भिंतींना काळोख दिसेल अशी व्यवस्था केली की उजळ धातूवर काळी अक्षरे उमटतात. उलट सपाट भागासमोर काळा पुठ्ठा ठेवून बाजूने, अगदी खालून सरपटत येणारा उजेड सोडला तर काळ्याभोर धातूवर अक्षरे पेटल्यासारखी चमकतात. पहिली तऱ्हा वाचायला सोयीची आहे. पण चलत्‌चित्रासाठी मला दुसरीच अधिक आवडली, कारण तिच्यात छिन्नीचा ठोका पडताच नवी पायरी एखाद्या ठिणगीसारखी उजळते आणि ती ठिणगी तिथेच राहते.

सगळीकडून पांढरे करणे ही मात्र चूक आहे. दागिन्यांचे फोटो पांढऱ्या कापडाच्या तंबूत काढतात, हे ऐकून मी थर्मोकोल आणि जुन्या धोतराचा एक छोटा मांडव रचून पाहिला होता. भांडे छान, मऊ, दुधाळ दिसू लागले, आणि अक्षरे नाहीशी झाली. सपाट भागालाही पांढरे दिसत होते आणि खाचेलाही पांढरेच दिसत होते, मग फरक उरणार कसा? मागे-पुढे थोडा काळा पुठ्ठा सरकवल्याशिवाय धातूला धातूपण येत नाही.

दुसऱ्या फेरीला मी पूर्ण आकाराच्या सेन्सरचा, म्हणजे चित्र टिपणारा भाग ३६ मिलिमीटर रुंद असलेला, कॅमेरा आणि १०० मिलिमीटरची मॅक्रो, म्हणजे जवळून मोठे दाखवणारी, लेन्स भाड्याने नेली. लांब पल्ल्याच्या मॅक्रो लेन्सचा पहिला फायदा असा की भांड्यापासून वीतभर दूर राहूनही अक्षर मोठे दिसते, हातोडीला मोकळीक मिळते आणि कॅमेऱ्याचे प्रतिबिंबही लहान पडते. वस्तू जेवढी आहे तेवढीच सेन्सरवर उमटवायची ठरवली तर ३६ मिलिमीटर रुंदीचा तुकडा अख्खी चौकट व्यापतो. ऐकायला हे फार छान वाटते. पण त्या आकाराला लेन्सचे छिद्र एफ ८ वर ठेवले (एफचा आकडा जितका मोठा तितके छिद्र बारीक) तर जेमतेम एक मिलिमीटर खोलीपुरते चित्र रेखीव राहते, आणि तांब्याची गोलाई पाहता एवढ्यात एक अक्षरसुद्धा धड बसत नाही. शिवाय लेन्स इतकी पुढे सरकलेली असताना सेन्सरपर्यंत पोहोचणारा उजेड चौथा हिस्साच उरतो, म्हणजे एफ ८ नावापुरता आणि काम एफ १६ चे. छिद्र आणखी बारीक करत जावे तर चित्र सगळीकडूनच थोडे थोडे मऊ होऊ लागते. शेवटी मी आकार निम्मा केला. निम्म्या आकाराला तीन मिलिमीटरच्या आसपास खोली मिळते, उजेडही एवढा मार खात नाही, आणि ४के मध्ये, म्हणजे साध्या पडद्याच्या दुप्पट रुंदीच्या चित्रात, टिपून नंतर मधला तुकडा कापून घेतला तर साध्या पडद्यावर तो दुपटीने मोठा दिसतो. हा मार्ग सुचायला मला दीड तास लागला आणि तोवर कॅमेऱ्याचे भाडे चालू होते.

आपोआप फोकस पहिल्या पाच मिनिटांतच बंद केला. त्याला धातूचा पृष्ठभाग आणि धातूत दिसणारे प्रतिबिंब यांतला फरक कळत नाही. प्रतिबिंबातला कागद जणू भांड्याच्या आत कुठेतरी असल्यासारखा असतो, तिकडे तो धाव घेतो आणि परत येताना छिन्नी हुकवतो. हाताने फोकस लावायचा, तोही अक्षरावर न लावता छिन्नीच्या टोकावर, आणि मग काहीही हलवायचे नाही. सुदैवाने काकांची पद्धतच अशी की छिन्नी धरलेला हात जागचा फारसा हलत नाही. बाकीची बोटे आणि मांडी मिळून भांडेच छिन्नीखाली सरकवतात. त्यामुळे टोक चौकटीच्या एकाच जागी राहते आणि अक्षर त्याच्याखालून उलगडत जाते. ही सोय मला आयती मिळाली, तिचे श्रेय माझे नाही.

तिपाईचे मात्र चुकले. ती मी ओट्याच्या लाकडी फळ्यांवरच उभी केली होती, आणि काकांचा ठोकळाही त्याच फळ्यांवर होता. एरवी न जाणवणारा ठोका त्या आकाराला भूकंपासारखा दिसतो. तिपाई खाली पायरीच्या दगडावर आणली, तिच्या मधल्या दांड्याला वाळूची पिशवी लटकवली, तेव्हा कुठे चित्र स्थिर झाले.

उजेडाचे लुकलुकणे हीसुद्धा आपल्याकडची ठरलेली अडचण आहे. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून जुनी ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. सेकंदाला २५ चित्रे आणि शटर, म्हणजे प्रत्येक चित्राला उजेड मिळण्याचा वेळ, सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शाचे ठेवले की हे लुकलुकणे पोटात जाते. ठोका संथ गतीत दाखवायचा मोह मला झाला, म्हणून सेकंदाला १०० चित्रे टिपली. तिथे शटर शंभराव्या हिश्शावर ठेवले तोवर ठीक होते, पण हातोडी अधिक रेखीव यावी म्हणून ते आणखी वेगवान केले आणि धातूवरून काळे पट्टे सरकू लागले. संथ गतीतले दृश्य सुंदर होते हे खरे. पण त्यात काकांच्या हाताची लय हरवली होती, आणि ती लय हीच या कामातली पाहण्यासारखी गोष्ट आहे असे मला वाटते, म्हणून ते दृश्य मी अखेर वापरले नाही.

आता भांड्यांच्या आकाराविषयी थोडे, कारण सपाट पत्रा आणि तांब्या यांत फार मोठे अंतर आहे. सपाट धातूला समोरची एकच दिशा दिसते, त्यामुळे एक कागद नीट धरला की काम भागते. उभा डबा एका बाजूने सरळ आणि एका बाजूने गोल असतो, त्याला कागद अर्धगोलात वाकवून पुरवता येतो. तांब्या दोन्ही बाजूंनी फुगीर असल्यामुळे त्याला अख्खे दुकान दिसते: छताचा पंखा, दार, गिऱ्हाईक, टांगलेल्या कळशा, सगळे. त्याच्यासमोर केवढाही कागद धरला तरी त्याचे प्रतिबिंब आकसून एक पट्टा होतो आणि नाव त्या पट्ट्याच्या आत असेल तेवढेच दिसते. परातीची आतली बाजू त्याहून त्रासदायक, कारण ती खोलगट आरशासारखी उजेड गोळा करून एका ठिकाणी ओतते. म्हणून नवशिक्याने डब्यापासून सुरुवात करावी. मी तांब्यापासून केली, कारण तो दिसायला चांगला होता.

पुण्यात तांबट लोक तांब्याच्या भांड्यावर मठारकाम करतात, हातोडीच्या ठोक्यांनी पृष्ठभागावर ओळीने छोटे छोटे चकचकीत खळगे उठवतात. ते टिपणे मला पूर्वी सोपे गेले होते. त्याचे कारण आता कळते. तिथला प्रत्येक खळगा स्वतंत्र आरसा असतो आणि प्रत्येकात दिव्याचा एकेक ठिपका येतो, त्यामुळे उजेड कसाही असला तरी नक्षी दिसतेच. गुळगुळीत भांड्यावरच्या बारीक अक्षराला अशी सवलत नाही.

तिसऱ्या फेरीला मी बटर पेपर, काळे पुठ्ठे, चिमटे आणि लेन्सपुरते भोक पाडलेले काळे कापड अशी तयारी करून गेले. स्वतःही काळा टीशर्ट घातला होता. ओट्यावर पाहते तो कॅलेंडर पुन्हा आपल्या जागी, पाठ काकांकडे. आता मात्र मला विचारल्यावाचून राहवले नाही.

“काका, हे उलटं का लावलंय?”

“सुलटं लावलं तर तारखा दिसतात ना भांड्यात.”

मग त्यांनी हातातला डबा माझ्या डोळ्यांसमोर धरला. कॅलेंडराची पांढरी पाठ आतल्या ट्यूबलाइटच्या उजेडात उजळून डब्यावर स्वच्छ पट्ट्यासारखी पडली होती, तिच्यामुळे रस्ता आणि रस्त्यावरची माणसे डब्यातून पुसली गेली होती, आणि त्या पट्ट्यावर अर्धे कोरलेले अक्षर काळ्या शाईने लिहिल्यासारखे दिसत होते. “भांड्यात माणसं हलायला लागली की छिन्नी कुठं टेकलीय ते कळत नाही,” काका म्हणाले. पहिल्या दिवशी मी हीच पांढरी भिंत काढून कोपऱ्यात उभी केली होती आणि वर त्यांच्या डोळ्यांविषयी मत बनवले होते. मी ओशाळून माफी मागितली तेव्हा ते म्हणाले, “अहो, मला वाटलं तुमच्या कॅमेऱ्याला लागत नसेल.”

युरोपात तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरणारे कारागीर खिडकीसमोर पातळ कागद ताणलेली चौकट तिरकी उभी करून तिच्या गाळलेल्या उजेडात काम करत. तीच युक्ती भांडी बाजारातल्या ओट्यावर कॅलेंडराच्या रूपाने लोंबत होती. १८०५ साली मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून भगवद्‌गीता छापली गेली, आणि छापण्यासाठी ते प्रत्येक अक्षर उलटे कोरावे लागले होते. त्या कारागिराने उजेडाची काय व्यवस्था केली असेल, हा विचार त्या दुपारी माझ्या डोक्यातून जाईना.

त्यानंतरची माझी मांडणी कॅलेंडराभोवतीच उभी राहिली. ते तसेच ठेवले, त्याच्या बाजूला बटर पेपर लावलेला एक एलईडी दिवा उभा केला आणि जिथे काळी पार्श्वभूमी हवी तिथे कॅलेंडरावर काळा पुठ्ठा चिमट्याने अडकवला. काकांना काळ्या पुठ्ठ्यावर काम करणे अवघड जाईल अशी मला धास्ती होती, पण दोन-तीन ठोक्यांनंतर ते म्हणाले की असेही दिसते आहे, फक्त उलटे दिसते आहे.

इथे देवनागरीने मला एक मजेशीर अडचण दाखवली. दिवा डावीकडे, खाली ठेवला होता आणि डब्यावर ‘सप्रेम भेट’ कोरले जात होते. पडद्यावर काने आणि उभ्या दांड्या लखलखत होत्या, पण शिरोरेखा जवळजवळ नाहीशी झाली होती. मी गुजराती वाचते आहे की काय असे क्षणभर वाटले. उभ्या खाचेच्या भिंती डावी-उजवीकडे तोंड करून असतात, म्हणून डावीकडचा उजेड त्या कॅमेऱ्याकडे परतवतात. आडव्या खाचेच्या भिंती वर-खाली तोंड करून असतात, त्यांना डावीकडचा दिवा दिसतच नाही. नीट निरखल्यावर आणखी एक गोष्ट दिसली: शिरोरेखेच्या जागी बारीक ठिपक्यांची एक रांग होती. त्या प्रत्येक ठोक्याच्या पायऱ्या होत्या, कारण पायरीचे तोंड रेघेच्या दिशेला असते. यंत्राने ओढलेल्या रेघेत ही रांग दिसली नसती. मग बटर पेपरची दुसरी पट्टी वरच्या बाजूला लावली, दोन्ही पट्ट्या गवंड्याच्या गुण्यासारख्या काटकोनात जोडल्या, आणि शिरोरेखा उगवली. रोमन अक्षरांसाठी कदाचित एवढ्याची गरज पडत नसेल. आपल्या लिपीला डोक्यावरचा उजेड हवाच.

पोलरायझर फिल्टर हा सल्ला मला सगळ्यांत जास्त वेळा मिळाला आणि तो सगळ्यांत कमी उपयोगाचा ठरला. पाणी किंवा काच यांच्यावरून ठरावीक कोनात परतणारा उजेड एका पातळीत कंप पावणारा असतो, म्हणून तो फिल्टर फिरवून अडवता येतो. धातूवरून परतणाऱ्या उजेडात असा निवाडा झालेला नसतो, त्यामुळे एकट्या फिल्टरने चकाकी हटत नाही, उजेड मात्र निम्म्याहून कमी होतो. दिव्यावरही तसलाच कागद लावून दोन्ही आडवे-उभे केले तर चकाकी खरोखर जाते, पण मग पितळ मातीसारखे दिसू लागते. त्यावरचे डाग, बोटांचे ठसे आणि घासायच्या पुडीचे कण तेवढे ठळक होतात. चकाकी काढून टाकलेल्या धातूचे चित्रण मला करायचे नव्हते.

रंगाचे म्हणाल तर पांढऱ्याचा समतोल, म्हणजे कॅमेऱ्याने कशाला पांढरे मानायचे ते, पांढऱ्या कागदाकडे पाहून ठरवावा, धातूकडे पाहून नाही; पितळ पाहून ठरवला की कॅमेरा त्याचा पिवळेपणा दोष समजून धुऊन काढतो आणि काकांची बोटे निळी पडतात. दाराचा उजेड आणि ट्यूबलाइट यांची सरमिसळ झाली तर भांड्याची एक कड निळसर आणि दुसरी हिरवट येते, म्हणून मी दाराला चादर लावली. त्यामुळे दुकानदाराचे दोन गिऱ्हाईक बाहेरूनच परतले, तो हिशेब वेगळा.

आवाजाला फार कष्ट पडले नाहीत. काका भांड्याच्या पोटात फडके कोंबतात, नाहीतर ते घंटेसारखे वाजत राहते. त्यामुळे ठोका कोरडा आणि स्पष्ट येतो. पितळेवरचा ठोका मऊ, स्टीलवरचा टणक.

सगळ्यांत अवघड गोष्ट उपकरणांतली नव्हतीच. कोरलेले अक्षर पुन्हा कोरता येत नाही. एरवी चित्रण फसले की ‘परत एकदा’ म्हणता येते, इथे ‘चि.’ची वेलांटी एकदाच निघते. सरावासाठी मी एक जुने झाकण नेले आणि काकांना त्यावर कुठलेही नाव घालायला सांगितले. ते तयार होईनात. “नसलेल्या माणसाचं नाव कशाला घालायचं?” असा त्यांचा सवाल होता. बरीच चर्चा झाल्यावर त्यांनी झाकणावर ‘श्री’ घालायचे कबूल केले, आणि माझा फोकस, कागद, पुठ्ठे जमेपर्यंत एकाखाली एक असे अकरा ‘श्री’ घातले. ते झाकण आता आमच्या देवघरात आहे.

याच ‘श्रीं’मध्ये मला एक खटकणारी गोष्ट दिसू लागली होती. काळ्या पार्श्वभूमीवर प्रत्येक रेघेच्या आत, मधोमध, केसाहून बारीक अशी आणखी एक चमकती रेघ येत होती. दोन पट्ट्यांचे दोन प्रतिबिंब पडत असणार म्हणून मी एक पट्टी झाकली, ती गेली नाही. दिवा हलवला, भांडे फिरवले, लेन्सवर काही आहे का ते पाहिले, कापडाचे भोक लहान केले. चौथ्या फेरीतला पाऊण तास त्यात गेला आणि शेवटी नाद सोडून मी त्या दुहेरी रेघेसकटच भाचीची भांडी चित्रित केली. घरी गेल्यावर संगणकावर काही करता आले तर पाहू, असा विचार होता.

सामान आवरून झाल्यावर काकांना लॅपटॉपवर दोन तुकडे दाखवले. आपला हात एवढा मोठा पाहून ते आधी हसले, मग चश्मा पुसून पुढे वाकले आणि बोट पडद्याला टेकेल इतके जवळ नेऊन म्हणाले, “हे थांबवा जरा.” मी थांबवले. ते त्या बारीक रेघेकडे पाहत होते. मी दिव्याचा दोष म्हणून खुलासा करायला सुरुवात केली होती, तेवढ्यात त्यांनी ठोकळ्यावरची छिन्नी उचलली, तिचे टोक अंगठ्याच्या नखावर घासून पाहिले आणि कॅलेंडराच्या पांढऱ्या पट्ट्यासमोर धरले.

“दात पडलाय हिला. दिव्याचं काही नाही, ताई.”

नखावर एक अस्पष्ट ओरखडा उठला होता, दुहेरी. काकांनी मागच्या फळीवरून धार लावायचा दगड काढला, त्यावर तेलाचे दोन थेंब टाकले आणि छिन्नी घासायला बसले. ते चित्रित करण्यासारखे होते, पण कॅमेरा पिशवीत गेला होता आणि सातच्या आत तो दुकानात परत करायचा होता.